हजेरीपटाबाहेरचे तास

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापुढे मंगळवारी पहाटेपासून जी रांग लागते, तिच्यातील मागण्यांचा इतिहास कोणी लिहिला तर तो मध्य मुंबईच्या मध्यमवर्गाचाच इतिहास ठरेल. मॅट्रिकचा निकाल, बँकेतली नोकरी, मुलीचे लग्न, इमारतीच्या पुनर्विकासातली जागा अशा क्रमाने या मागण्या बदलत गेल्या. गेली दहा-पंधरा वर्षे त्यांत ‘पीआर’ या दोन अक्षरांची भर पडली आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाला किंवा मुलीला तेथे कायम वास्तव्याचा परवाना मिळावा, एवढाच या दोन अक्षरांचा अर्थ. परंतु तो परवाना कशाने मिळतो, कशाने अडतो आणि मुलाने तेथे केलेल्या कामापैकी नेमके कोणते काम त्यासाठी धरले जाते, याची स्पष्ट कल्पना रांगेतल्या आईबापांना असतेच असे नाही. राहत्या घराचे कागद बँकेत ठेवले त्या दिवशी ती असायला हवी होती.

परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांवर होती आणि त्यांपैकी सव्वाचार लाखांच्या आसपास एकट्या कॅनडात होते. एवढी मुले केवळ ज्ञानाच्या ओढीने ओंटारिओतल्या थंडीत जाऊन राहिली, असे मानणे भाबडेपणाचे होईल. बापाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी रक्कम देऊन एखाद्या अपरिचित गावातील महाविद्यालयात व्यवस्थापनाची पदविका घेतली जाते, तेव्हा विकत घेतल्या जाणाऱ्या वस्तू दोन असतात. एक शिक्षण आणि दुसरी, त्या देशाच्या श्रमबाजारात शिरून पुढे तेथेच राहण्याची शक्यता. किंमत दोन्हींची मोजली जाते. विकणारा हमी मात्र फक्त पहिलीची देतो. दुसरीविषयी तो काही लिहून देत नाही, नुसते सूचित करतो. माहितीपत्रकावरील हसऱ्या चेहऱ्यांचे काम तेवढेच असते.

या दुसऱ्या वस्तूच्या अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. कॅनडाने २००८ साली ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास’ नावाचा मार्ग उघडला आणि २०१५ पासून तो ‘एक्सप्रेस एंट्री’ या गुणांकनाच्या पद्धतीत बसवला. आजची अट अशी, की अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत कॅनडात किमान एक वर्षाचे, म्हणजे १५६० तासांचे, कुशल काम झालेले असावे. आठवड्याचे ३० तासच हिशेबात घेतले जातात. कोणी ६० तास राबला म्हणून त्याचे वर्ष सहा महिन्यांत भरत नाही. काम पगारी हवे आणि परवान्याच्या चौकटीतले हवे. स्वतःचा धंदा चालत नाही. व्यवसायांच्या सरकारी वर्गवारीतील सहा श्रेणींपैकी वरच्या चारांत ते बसले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेल्या कामाचा एकही तास येथे जमेस धरला जात नाही.

ही शेवटची अट वरवर वाजवी वाटते. विद्यार्थ्याने शिकावे, कामगाराने काम करावे, दोहोंची सरमिसळ नको. पण व्यवहारात काय झाले ते पाहिले पाहिजे. शिकत असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा या विद्यार्थ्यांना होती. कॅनडात मनुष्यबळाची टंचाई भासू लागली तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सरकारने ती मर्यादाच उठवली. मुले गोदामांत रात्रपाळ्या करू लागली, कॉफीच्या दुकानांत उभी राहिली, वृद्धाश्रमांत माणसे उचलू-बसवू लागली. टंचाई ओसरली, घरभाड्यांविषयी ओरड सुरू झाली आणि एप्रिल २०२४ अखेर मर्यादा पुन्हा आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून ती २४ तासांची आहे. त्या दीड वर्षात या मुलांच्या पगारातून प्राप्तिकर कापला गेला, निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली गेली, बेकारी विम्याचा हप्ताही कापला गेला. कोषागाराच्या वहीत ते तास आहेत. कायम वास्तव्याच्या वहीत ते नाहीत. श्रम तेच, ते करणारे हात तेच. वही तेवढी निराळी.

प्रभादेवी-परळ-लालबागच्या जुन्या रहिवाशाला या गोष्टीचे नवल वाटू नये. त्याच्या घरात कोणीतरी बदली कामगार होऊन गेलेला असतोच. गिरणीमालक संघाने १९३५ साली बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत सुरू केली. निवडलेल्या लोकांना महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड मिळे. ते घेऊन भोंग्याच्या वेळेला रोज गिरणीच्या दारात हजर राहायचे आणि कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी साच्यावर उभे राहायचे. कोणी गैरहजर नसेल तर घरी परत. काम तेच, कौशल्य तेच. फरक एवढाच, की एकाचे दिवस ‘कायम’ या शब्दाकडे चालत आणि दुसऱ्याचे दिवस जागच्या जागी चालत. अशी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे काढलेले लोक या वस्तीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती, ती उगाच नव्हती. त्या संपाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका होता असेही नाही. औद्योगिक कलह कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरल्यास सलग सेवा मानण्याची तरतूद होती, आणि ती येताच महाराष्ट्रातल्या कारखानदारांना २४० या आकड्याची विलक्षण धास्ती वाटू लागली. दोनशेवीस-तीस दिवस झाले की कामगाराला ‘ब्रेक’ द्यायचा, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा नव्याने घ्यायचे. या चलाखीला आळा घालण्यासाठीच महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात, कायमपणाच्या हक्कापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. चलाखी त्यामुळे संपली नाही. पण ती अनुचित आहे एवढे तरी कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. राज्याच्या सीमेत मालकाला विचारणारे एक न्यायालय असते. एक देश दुसऱ्या देशाच्या मुलांना ‘ब्रेक’ देतो तेव्हा विचारणार कोण?

कॅनडातला ब्रेक दिसायला अधिक सभ्य असतो. शिक्षण संपल्यावर जो काम-परवाना मिळतो तो आयुष्यात एकदाच मिळतो आणि त्याची मुदत अभ्यासक्रमाच्या लांबीवर ठरते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर तीन वर्षे; त्याहून कमी असेल तर जेवढा अभ्यासक्रम तेवढाच परवाना. (पदव्युत्तर पदवीला फेब्रुवारी २०२४ पासून यात सवलत आहे.) आता एक वर्षाची पदविका घेणाऱ्याचा हिशेब करून पाहावा. परवाना ५२ आठवड्यांचा. पात्रतेसाठी लागणारे तास १५६०, आठवड्याला जास्तीत जास्त ३०, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. परवाना हाती आल्या दिवशी कुशल श्रेणीतील नोकरी तयार असेल, ती एक दिवसही सुटणार नसेल, तरच हे गणित जेमतेम जुळते. आणि स्वस्त पडतो म्हणून गल्लीतला सल्लागार नेमका एक वर्षाचाच अभ्यासक्रम पुढे करतो. त्याला हे गणित येत नसेल असे नव्हे.

श्रेणीची कथा तर याहून मासलेवाईक आहे. कॉफीच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहणारा मुलगा अकुशल. त्याचे हजार तासही शून्य. त्याच दुकानात त्याच गल्ल्यामागे पाळीचा पर्यवेक्षक म्हणून उभा असलेला मुलगा कुशल; त्याचा प्रत्येक तास मोजला जातो. साहजिकच हुद्द्याला बाजारभाव आला. जो मालक पर्यवेक्षक असे लिहून देईल त्याच्याकडे कमी पगारात, मुकाट्याने, सुटीच्या दिवशीही काम करणारी मुले मिळू लागली. नोकरीचा प्रस्ताव हातात असला की गुणांकनात ५० ते २०० गुण जास्त मिळत. तेव्हा ते प्रस्तावही विकले जाऊ लागले. अखेर मार्च २०२५ मध्ये कॅनडा सरकारने नोकरीच्या प्रस्तावाचे गुणच रद्द केले. फसवणूक थांबावी हा हेतू चांगलाच होता. मात्र ज्यांनी सरळ मार्गाने नोकरी मिळवली होती त्यांचेही गुण त्याच रात्री गेले. गिरणीत खात्यावर घेण्यासाठी जॉबरचा हात ओला करावा लागे. त्या प्रथेच्या आठवणी सांगणारे आजोबा आणि मालकाला खूष ठेवणारा नातू यांना एकमेकांची भाषा समजायला हरकत नाही.

बरे, तास भरले म्हणजे परवाना मिळाला असेही नाही. तास भरणे ही केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी. पुढे वय, भाषा, शिक्षण, अनुभव यांच्या गुणांवर निवड होते आणि तेथील कटऑफ मुंबई विद्यापीठाच्या प्रवेशयाद्यांनाही लाजवील असा चढउतार करतो. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी, महासाथीमुळे बाहेरून माणसे येणे थांबले असताना, कॅनडाने या मार्गातील २७,३३२ जणांना एकाच दिवशी बोलावले आणि कटऑफ होता ७५ गुणांचा. चार वर्षांनी, २०२५ साली, याच मार्गाचा कटऑफ ५०० च्या वर होता. त्या दोन मुलांत गुणवत्तेचा फरक नव्हता. एकाचे विमान आधी सुटले होते, दुसऱ्याचे नंतर. मागणी-पुरवठ्याचा नियम कोणत्याही बाजारात असाच चालतो हे खरे. पण बटाट्याला आपला भाव पडल्याचे दुःख होत नाही आणि त्याच्या नावावर कर्जही नसते.

प्रिन्स एडवर्ड आयलंड या कॅनडातील सर्वांत छोट्या प्रांतात २०२४ साली जे घडले ते या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या प्रांताने आपल्या वाट्याच्या नामनिर्देशनांत फेब्रुवारीत एकचतुर्थांश कपात केली आणि विक्री व सेवा क्षेत्रांतील कामगारांऐवजी आरोग्य, बांधकाम, बालसंगोपन या क्षेत्रांना पसंती देण्याचे ठरवले. त्या वेळी प्रांतात दुकाने, उपाहारगृहे सांभाळणारी जी मुले होती, त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते आणि आधीच्या नियमांवर विसंबूनच ती तेथे राहिली होती. मे महिन्यात त्यांनी शार्लटटाउन येथे विधानसभेसमोर ठिय्या दिला, उपोषण केले. मागणी साधी होती: नियम बदला, पण जे आधीच कामाला लागले आहेत त्यांना जुना नियम लावा.

या मागणीत अवास्तव काय आहे? कोणत्याही देशाला आपल्याकडे कोणी राहावे हे ठरवण्याचा अधिकार आहे. तो नाकारणे हास्यास्पद होईल, विशेषतः ज्या शहरात परप्रांतीयांविषयी इतकी वर्षे इतके बोलले गेले आहे त्या शहरातल्या माणसाने. घरे अपुरी पडत असतील, इस्पितळांवर ताण येत असेल, तर कॅनडाने विद्यार्थी कमी घ्यावेत; जानेवारी २०२४ पासून त्याने ते केलेही. परंतु दार लहान करणे वेगळे आणि उंबरठ्यावर एक पाऊल ठेवलेल्या माणसाचे पाऊल मोजायचे नाही असे ठरवणे वेगळे. पहिला प्रश्न धोरणाचा आहे. दुसरा दिलेल्या शब्दाचा. तो शब्द लेखी दिला नव्हता, हे उत्तर वकिली आहे.

ब्रिटनने शब्दच असा ठेवला आहे की तो मोडण्याचा प्रसंग येऊ नये. शिक्षणानंतर काम करण्याची सवलत त्याने एप्रिल २०१२ मध्ये बंद केली आणि जुलै २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ म्हणून पुन्हा आणली. या मार्गावरची दोन वर्षे कुशल कामगाराला कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांत धरलीच जात नाहीत. शिवाय मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ही पाच वर्षे सर्वसाधारणपणे दहा करण्याचा आणि ग्रॅज्युएट रूटची मुदत दीड वर्षावर आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. अमेरिकेत तर अनुभवापेक्षा लॉटरी आणि जन्मदेशाचा सात टक्क्यांचा कोटा महत्त्वाचा. त्याविषयी येथे लिहिण्यात अर्थ नाही. जर्मनीचा कायदा त्या मानाने सरळ आहे. तेथे पदवी घेतलेल्याला नोकरी शोधण्यासाठी दीड वर्ष मिळते आणि शिक्षणाला साजेशा नोकरीत दोन वर्षे काढून २४ महिन्यांची निवृत्तिवेतनाची वर्गणी भरली, भाषेची व इतर अटी पुऱ्या केल्या, की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. येथे ज्या वहीत वर्गणी जमा होते त्याच वहीतून पात्रता मोजली जाते. जर्मन भाषेची व्याकरणे पाठ करणे सोपे नाही, हेही खरे.

परदेशी शिक्षण आणि त्यानंतरची सेवा यांची सांगड या भागाला नवीन नाही, मात्र एके काळी ती उलट्या दिशेने होती. परळच्या बीआयटी चाळीत ज्यांचे वास्तव्य होते त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवले ते परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ साली ते त्याप्रमाणे बडोद्यास रुजूही झाले. नोकरी होती, पदव्या होत्या, इच्छा होती. पण त्या गावात अस्पृश्याला राहायला छप्पर मिळेना आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. सेवेची अट पुरी होण्यासाठी सेवा करणाऱ्याची तयारी पुरत नाही, समोरच्या समाजालाही त्याला उभे राहू द्यावे लागते, हे तेव्हाही दिसले होते. आज कराराची दिशा बदलली आहे. पाठवणारा आता राजा नाही, शाखाधिकारी आहे.

त्या शाखाधिकाऱ्याकडे वळणे भाग आहे, कारण खरा पेच तेथे आहे. सर्वसाधारणपणे साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि प्रभादेवीसारख्या ठिकाणी तारण म्हणजे राहती जागा. परतफेड सुरू होते ती बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने. म्हणजे एक घड्याळ येथे बँकेत चालते. ते कधी थांबत नाही. दुसरे घड्याळ तेथे, कुशल नोकरी मिळाल्या दिवशी सुरू होते आणि ती सुटली की थांबते. पहिल्या घड्याळाचा ठोका पडला आणि दुसरे अजून सुरूच झालेले नसले तर मुलगा काय करील? हप्ता भरण्यासाठी मिळेल ते काम धरील, म्हणजेच न मोजले जाणारे काम. हप्ता भरला जाईल, परवाना संपत जाईल. कर्ज मंजूर करताना विद्यापीठाचे पत्र, बापाच्या पगाराची पावती आणि जागेचा शेअर दाखला तपासणाऱ्या बँकेने अभ्यासक्रमाची लांबी व त्यानंतरच्या परवान्याची मुदत यांचा साधा हिशेब कर्जदाराकडून लिहून घ्यायला काय हरकत आहे? परतफेडीची सवलत वर्षाऐवजी दोन वर्षांची केली तरी पुष्कळांचा श्वास मोकळा होईल.

सल्लागारांचे तर काही विचारूच नये. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी पाठवणारा मात्र त्या कायद्याच्या बाहेर आहे, जरी तो प्रत्यक्षात नोकरीचेच आमिष दाखवत असला तरी. त्याला दलाली देते ते परदेशी महाविद्यालय. सल्ला घेतो तो विद्यार्थी. ज्याचे खावे त्याचे गावे, या न्यायाने सल्ला कोणाच्या हिताचा असणार हे सांगायला नको.

कागदांचा प्रश्न त्यात आणखी. तास भरले तरी ते सिद्ध करावे लागतात: मालकाच्या पत्रात हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार सारे नमूद हवे. मालकाने दुकान बंद केले, किंवा नोकरी सोडली म्हणून रागाने पत्र दिले नाही, तर वर्ष बुडाल्यातच जमा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे सुमारे दीड लाख अर्ज आले तेव्हा १ जानेवारी १९८२ नंतर पटावर असल्याचा पुरावा मागण्यात आला. त्या वेळी तिकीट नंबराचा बिल्ला, विमा योजनेचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती यांपैकी काहीतरी सापडावे म्हणून किती घरांतल्या ट्रंका उपसल्या गेल्या! ज्यांच्या बायकांनी ते जुने कागद पिशवीत बांधून ठेवले होते त्यांचा अर्ज उभा राहिला. पहिल्या पगाराच्या पावतीपासून सारे जपून ठेव, हे नातवाला सांगण्याचा अधिकार या बायकांइतका कोणालाच नाही.

आणि हे सारे लिहिताना आपल्याच महाविद्यालयांकडे डोळेझाक करून चालणार नाही. दहा-दहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवूनही ज्यांच्या सेवापुस्तिकेचे पहिले पान उघडलेले नाही असे अध्यापक मुंबईच्या कोणत्याही महाविद्यालयात भेटतील. त्यांचेही तास मोजले जातात ते मानधन काढण्यापुरते. कॅनडाला न्याय शिकवायला निघालेल्या राज्याने हा हिशेब आधी पुरा केला तर त्याच्या बोलण्याला वजन येईल. नाहीतर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

भारत सरकारला काही करता येण्यासारखे नाही, हा समज मात्र बरोबर नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला. त्यात भारतीय पदवीधरांना शिक्षणानंतर किती काळ राहता येईल हे नमूद करून घेण्यात आले होते. जुलै २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने इतरांच्या मुदती कमी केल्या तेव्हा भारतीयांच्या मुदती करारामुळे शाबूत राहिल्या. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करार झाला तेव्हा कंपन्यांनी तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना तेथील सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून तीन वर्षे सूट देण्याचेही ठरले. म्हणजे कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या वर्गणीचा विचार झाला. विद्यार्थ्यांच्या वर्षांचा झाला नाही. आता कॅनडाची पाळी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी व्यापक आर्थिक भागीदारी कराराच्या वाटाघाटी सुरू करण्याचे मान्य केले. मसूर, पोटॅश आणि युरेनियम यांच्याबरोबर त्या टेबलावर आणखी एक कलम ठेवता येईल: प्रवेश घेतल्या दिवशी पात्रतेचे जे नियम असतील, तेच त्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत लागू राहतील.